पळसाच्या द्रोणातली रोपं

माझं लग्न लागलं तेव्हा सासूबाई होत्या. मी धारला नांदायला आले तेव्हा त्या नव्हत्या. मधल्या पावसाळ्यात तापाचं निमित्त होऊन त्या गेल्या. मी त्यांना पाहिलं ते लग्नाच्या मांडवात, मुंडावळ्यांच्या आडून, तेवढंच. दिवाळीनंतर मी ज्या घराचं माप ओलांडलं, त्या घरात दोनच माणसं होती: माझे सासरे आणि त्यांची थोरली विधवा बहीण. तिसरी मी. हे इंदूरला शिकत होते, सणासुदीला तेवढे येत.

सासऱ्यांना मी मामंजी म्हणे, पण ते मनातल्या मनात. तोंडाने हाक मारायचा प्रसंगच येत नसे, कारण सुनेने सासऱ्याशी बोलायचं नाही अशी त्या काळची रीत होती. मामंजी माजघरात यायच्या आधी खाकरत, आणि मी पदर सावरून स्वयंपाकघरात जाई. काही सांगायचं-विचारायचं झालं तर ते आत्याबाईंच्या मार्फत. आत्याबाई म्हणजे मामंजींची ती थोरली बहीण. मनाने फार चांगल्या, पण कानाने जड. मामंजींनी एकदा सांगितलं, "आज कढी चालेल." माझ्यापर्यंत निरोप आला, "त्याला काढा हवाय." मी आलं-गवती चहाचा काढा उकळून दिला. मामंजींनी तो मुकाट्याने घेतला, आणि भाताबरोबर ताक वाढून घेतलं.

माझं माहेर देवासचं. वडील तिथल्या संस्थानच्या धाकट्या पातीत, म्हणजे धाकट्या गादीकडे, नोकरीला होते. घरात आम्ही भावंडं, काका-काकू, येणारे-जाणारे, सकाळपासून नुसता गलका. त्या गलक्यातून मी या घरात आले. इथे दुपारी भांडं खाली ठेवलं तरी आवाज अंगणापर्यंत जाई. मामंजी दरबारच्या दप्तरात होते. सकाळी संध्या, पूजा, जेवण, पगडी घालून कामावर, संध्याकाळी परत. सासूबाईंबद्दल घरात कोणी बोलत नसे. त्यांचा पाट मात्र भिंतीशी उभा असे आणि तो कोणी वापरत नसे.

रथसप्तमीच्या दिवशी अंगणात सूर्याला दूध उतू घालवलं. ते झाल्यावर मामंजी न खाकरता थेट स्वयंपाकघराच्या दारात आले. मी दचकून चुलीमागे सरकले. त्यांनी वर बोट दाखवून आत्याबाईंना सांगितलं, "आक्का, ते मडकं काढ."

शिंक्यात एक काळं मडकं होतं, तोंडाला फडकं बांधलेलं. त्यात राख होती आणि राखेत लहान लहान पुरचुंड्या. मामंजी माजघरात जमिनीवरच बसले आणि एकेक पुरचुंडी राखेतून काढून फुंकून ठेवू लागले. प्रत्येक पुरचुंडी सासूबाईंच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्याची होती. एक जांभळी हातात घेऊन ते बराच वेळ थांबले. मग ती सोडून त्यांनी आतल्या बिया तळहातावर घेतल्या.

"ती दर वर्षी रथसप्तमी झाली की हे लावायची," ते आत्याबाईंना म्हणाले. "घरातच कुठेतरी. कशात लावायची, तुला ठाऊक आहे?"

"दिवे लावायला अजून पुष्कळ अवकाश आहे," आत्याबाई म्हणाल्या.

मामंजींनी पुन्हा विचारलं नाही.

आमच्या माळव्यात माघातल्या रात्री चांगल्या गार असतात. तेव्हा परसात बी टाकलं तर ते मातीत तसंच पडून राहतं. म्हणून जिला चैत्रातच मांडवावर वेल हवा असेल ती बाई बी घरात, उबेला रुजवते आणि थंडी सरली की रोप बाहेर नेऊन लावते. सासूबाईंची त्यासाठी आळीत ख्याती होती, हे मला पुढे कळलं. लोकांच्या अंगणात आल (दुधी भोपळ्याला आमच्याकडे आल म्हणतात) जेमतेम दोन पानांवर आलेली असे, तेव्हा या घरातून शेजारीपाजारी गिलक्यांची, म्हणजे घोसाळ्यांची, टोपली जाई. मामंजींनी ते सगळं पाहिलं होतं. फक्त ते कसं होतं हे पाहिलं नव्हतं.

त्यांनी दोन लाकडी खोके आणवले. परसातली काळी माती त्यात दाबून भरली, बिया पुरल्या आणि खोके देवघरामागच्या खोलीत ठेवले. त्या खोलीला ऊन माहीत नव्हतं. सकाळी संध्येनंतर एक तांब्या पाणी, संध्याकाळी आल्यावर एक तांब्या. कामावरून आले की पगडी न उतरवताच आधी तिकडे जात आणि खोक्यावर वाकून पाहत. मी दाराच्या फटीतून बघत असे. काळी माती तुम्हाला ठाऊक आहे. पाणी पडलं की लोण्यासारखी गच्च होते आणि वाळली की दगड. माझी आई देवासला असं कधी करत नव्हती. ती काय करत होती ते मी शेजारी बसून पाहिलं होतं, पण हाताने कधी केलं नव्हतं, त्यामुळे मला धीर होत नव्हता. शेवटी एक दिवस मी आत्याबाईंच्या कानाशी जाऊन म्हटलं, "पाणी फार होतंय, असं त्यांना सांगाल का?"

आत्याबाई माजघरात गेल्या. मला त्यांचा आवाज ऐकू आला, "सून म्हणते, पाणी हवंय."

मामंजी लगबगीने उठले आणि आणखी एक तांब्या ओतून आले.

माघी पौर्णिमा झाली तरी खोक्यात काही दिसेना. एका सकाळी मामंजींनी बोटाने माती उकरली. बी वर आलं ते मऊ पडलेलं, चिमटीत धरताच फुटलं आणि त्याला वास आला. त्यांनी दुसरं उकरलं, तिसरं उकरलं. मग ते तिथेच खोक्याशी बसून राहिले. कामावर जायची वेळ झाली तरी उठले नाहीत. आत्याबाई दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"गेलं, आक्का," ते म्हणाले. "तिच्या हातचं तेवढं होतं घरात. तेही माझ्या हाताने घालवलं."

ते मोठ्याने बोलले नव्हते, तरी आत्याबाईंना ते बरोबर ऐकू आलं. त्या आत आल्या आणि चुलीकडे पाठ करून डोळे पुसत बसल्या.

पुरचुंड्यांत थोड्या थोड्या बिया उरल्या होत्या. मामंजींनी त्या पुन्हा बांधल्या, मडक्यात घातल्या आणि मडकं माजघराच्या उंबऱ्यावर ठेवून दिलं. मी ते शिंक्यात टांगलं. दोन दिवस मी त्या मडक्याकडे पाहत होते. त्यातल्या बिया मी भिजवल्या आणि त्याही कुजल्या, तर मग काहीच उरणार नव्हतं. आणि न भिजवता तशाच ठेवल्या, तर पुढच्या वर्षी त्यांना उगवायची किती ताकद राहील, तेही सांगता येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मामंजी बाहेर पडले तशी मी मडकं उतरवलं. प्रत्येक पुरचुंडीतल्या निम्म्या बिया काढल्या, निम्म्या तशाच ठेवल्या. आल, गिलकी, काकडी, कारली. कारल्याच्या बियेचं साल जाड असतं, म्हणून आई ते दगडावर हलकं घासत असे, तसं घासलं. कोमट पाण्यात दिवसभर ठेवल्या, मग ओल्या फडक्यात बांधून वाटीत घातल्या, आणि वाटी चुलीजवळच्या गवताच्या टोपलीत, हाताला ऊब लागेल पण चटका लागणार नाही अशी ठेवली. मटकीला मोड आणतो तसंच, त्याहून वेगळं काही नाही.

"टोपलीत काय आहे ग?" आत्याबाईंनी विचारलं.

"मोड काढायला ठेवलेत," मी मोठ्याने सांगितलं.

"मटकीचे का? बरं केलंस. त्याला आवडते मटकी."

मी मान खाली घातली. फडकं वाळू दिलं नाही आणि निथळतंही ठेवलं नाही. दर वेळी उघडून पाहायचा मोह होई, पण आई म्हणायची, सारखं उघडलं की ऊब जाते. अखेर उघडलं तेव्हा आलीच्या बियांना टोकाशी पांढरे कोंब फुटले होते, अंड्यातून डोकावणाऱ्या पिलाच्या चोचीएवढे. गिलकीला आले होते, काकडीला तर लांब आले होते. कारलं मात्र तसंच होतं.

आनंद झाला आणि लगेच भीती वाटली. कोंब आलेलं बी थांबत नाही. ते मातीत जायला हवं होतं, आणि त्या मातीबद्दल मामंजींशी बोलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आत्याबाईंबरोबर निरोप पाठवावा तर 'कोंब'चं काय होऊन तिकडे पोचेल याचा नेम नव्हता. संध्याकाळी मामंजी येऊन हातपाय धुऊन माजघरात बसले होते. मी पदर पुढे ओढला, वाटी हातात घेतली आणि त्यांच्यासमोर नेऊन ठेवली. ठेवून आत पळायचं असं ठरवलं होतं. पण मी तिथेच उभी राहिले.

मामंजींनी फडकं उलगडलं. मग एका बियेला बोट लावायला गेले आणि न लावताच हात मागे घेतला.

"जिवंत आहेत," ते म्हणाले. मग विचारलं, "तू केलंस हे?"

ते आत्याबाईंशी बोलत नव्हते, माझ्याशी बोलत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "मामंजी, खोक्यातली माती फार घट्ट होती."

सासऱ्यांशी मी बोललेलं ते पहिलं वाक्य. बोलल्यावर कान गरम झाले. आत्याबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी तोंडावर हात ठेवला. मामंजी मात्र विचार करत होते, एखाद्या अवघड कामाचा करावा तसा.

"मग कशी हवी?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुट्टी घेतली. जुनं शेणखत चाळून, त्यात वाळू आणि थोडीच काळी माती मिसळली. खोक्यांत रोप लावलं की पुढे उपटताना मूळ दुखावतं, आणि या वेलांना ते सोसत नाही. म्हणून आई पळसाच्या पानांच्या द्रोणांत एकेक बी लावत असे. मग द्रोणासकट आळ्यात ठेवून द्यायचं, पान तिथेच कुजून जातं. हे मी सांगितलं. एकदा बोलायला लागल्यावर सांगणं सोपं झालं होतं. गंधवानीकडच्या रानातल्या बाया बाजारात पळसाची पानं घेऊन येत, मामंजी स्वतः जाऊन ती घेऊन आले आणि द्रोण लावायला माझ्यापासून चार हातांवर बसले. त्यांचे पहिले द्रोण काडी टोचताच फाटले. पुढचे फाटले नाहीत पण एका अंगाला कलंडत. ते त्यांनी टाकू दिले नाहीत. "यांना भिंतीशी टेकवून ठेवू," म्हणाले.

द्रोण एका मोठ्या परातीत मांडून आम्ही माजघराच्या पूर्वेच्या खिडकीत ठेवले. सकाळचं ऊन तिथे येई. पाणी आता तांब्याने नाही, हातावर घेऊन शिंपडायचं. संध्या झाली की मामंजी परातीशी येऊन बसत आणि मला हाक मारत, "मुली, ये ग, बघ." मातीला आधी बारीक चीर पडे, मग वाकलेली मान वर येई, मग बियेचं टरफल टोपीसारखं डोक्यावर घेऊन दोन पानं उघडू लागत. टरफल अडकून राहिलं की मामंजींना ते काढायची घाई होई. मी म्हणे, "राहू द्या, त्याचं ते टाकेल." ते हात मांडीखाली धरून बसत.

अशाच एका सकाळी ते सासूबाईंबद्दल बोलले. "इतकी वर्षं मला वाटे, वेल आपोआप मांडवावर चढतात," ते म्हणाले. "एवढं सगळं ती माझ्या पाठीमागे करत होती आणि मी ताटात बघून म्हणत होतो, आज मीठ जास्त झालंय." मी विचारलं, "सासूबाई कशा होत्या?" ते म्हणाले, "हसायची फार. पदर तोंडाला लावून हसायची, म्हणजे मला दिसू नये. पण खांदे हलत ना." आणि ते स्वतःच हसले. त्या घरात हसण्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

आत्याबाईंना हे बोलणं मंजूर नव्हतं. त्यांनी एकदा मामंजींना ऐकवलंच, "सून सासऱ्याशी बोलते हे आळीत कळलं तर काय म्हणतील?"

"आक्का, तुझे कान बरे असते तर बोललो नसतो," मामंजी म्हणाले.

"माझ्या कानांना काय झालंय?" आत्याबाई म्हणाल्या. हे मात्र त्यांनी चटकन ऐकलं होतं.

फाल्गुन लागला. रोपांना तिसरं, चौथं पान आलं. आता त्यांना बाहेरच्या वाऱ्या-उन्हाची सवय करायची होती. सकाळी परात अंगणात न्यायची, ऊन चढलं की आत आणायची. राखण करायचं काम आत्याबाईंनी आपण होऊन मागून घेतलं. काठी घेऊन त्या परातीशेजारी पाट टाकून बसत आणि कावळ्यांना दटावत. एका सकाळी मी आत भाकरी थापत होते. दूधवाली दारातून ओरडली, "बाई, वांदरा आई ग्या!" मी धावत गेले. किल्ल्याच्या बाजूने वानरांचा कळप उतरला होता. आत्याबाई पाटावर ऊन खात डोळे मिटून बसल्या होत्या आणि त्यांच्या पाठीमागे दोन वानरं परातीत बसून कोवळे शेंडे खात होती. मी फडकं हलवलं, दूधवालीने चरवी वाजवली, तेव्हा ती भिंतीवर चढली. काकडीचं एकही रोप राहिलं नाही. गिलकीची दोन-चार राहिली. कारली तर आधीच रुजली नव्हती. आलीची मात्र बहुतेक तशीच होती. त्या पानांवर लव असते, बहुधा आवडली नसावीत.

काय झालं ते आत्याबाईंना कळलं तेव्हा त्यांनी काठी बाजूला टाकली. "मला ऐकू आलं नाही ग," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. दिवसभर जेवल्या नाहीत. मामंजी संध्याकाळी आले, तेव्हा मीच पुढे होऊन सांगितलं. माझ्या आवाजात भीती असावी, कारण त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग परातीकडे. मोडके द्रोण त्यांनी बाजूला काढले, उभे होते त्यांच्या बुडाशी माती सारखी केली. मग आत्याबाईंजवळ जाऊन बसले आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "आक्का, आल शाबूत आहे. ती होती तेव्हाही वानरं येत. ती त्यांच्यावर जे ओरडायची, ते तुला ऐकू येत नव्हतं म्हणून बरं." आत्याबाई रडता रडता हसल्या. त्या रात्री त्यांना मामंजींनी आपल्या हाताने वरणभात कालवून दिला.

मडक्यात मी निम्म्या बिया ठेवल्या होत्या. त्यातल्या काकडीच्या आम्ही पुन्हा भिजवल्या. या खेपेला मामंजींनी स्वतः भिजवल्या, मी फक्त पाणी कितपत कोमट आहे ते पाहिलं. ती रोपं मागून आली, पण आली.

होळीला हे इंदूरहून घरी आले. रंगपंचमीपर्यंत राहणार होते. मामंजींपुढे यांची मान कधी वर होत नसे. वडिलांनी विचारलं तर 'हो' किंवा 'नाही', आणि दोघांमध्ये तेवढंच बोलणं. टांग्यातून उतरून हे सोप्यात आले आणि तिथेच थबकले. माजघरातून वडिलांचा आवाज येत होता, "अग, हा वाकडा द्रोण आधी लावू, त्याचं पान आता फाटायला आलंय," आणि त्यावर मी म्हणत होते, "आधी आळ्यात पाणी मुरू द्या, मामंजी." आम्ही यांना पाहिलं तेव्हा हे गाठोडं हातात घेऊन दारात उभे होते. मी झटकन उठून आत गेले. मामंजींनी नुसतं, "आलास? बरं झालं," म्हटलं.

रात्री जेवणं झाल्यावर यांनी मला विचारलं, "हे केव्हापासून?"

मी सगळं सांगितलं. यांनी ते खाली मान घालून ऐकलं. शेवटी म्हणाले, "आई गेल्यावर मी इथे तेरा दिवस होतो. आम्ही दोघं एका खोलीत बसायचो. ते काही बोलले नाहीत, मीही नाही. मला वाटलं, त्यांना फारसं काही वाटलं नाही."

"इकडून काही विचारलं होतं का?" मी म्हटलं.

यांनी उठून दिव्याची वात खाली केली.

दुसऱ्या दिवशी रोपं आळ्यात लावायची होती. परसात विहिरीच्या कडेने मामंजींनी आळी खणून, खत घालून ठेवली होती. पहाटे आम्ही दोघींनी परात उचलून बाहेर नेऊन ठेवली आणि मी पाणी आणायला आत आले. परत बाहेर जायला निघाले तर हे परसात उभे होते. धोतर वर खोचलेलं, पण पुढे काय करायचं ते यांना सुचत नव्हतं. मामंजी आळ्याशी उकिडवे बसले होते. त्यांनी वर न बघता खुरपं पुढे केलं.

"धर. फार खोल नको. द्रोण बुडेल इतकंच."

हे खाली बसले. थोडा वेळ नुसता मातीचा आवाज आला. मग यांचा आवाज ऐकू आला, हळू, "आई इथेच लावायची ना?"

"इथेच. मांडवाचे खांब तेच आहेत. तू लहान असताना यातल्याच एका खांबाला धरून उभा राहिला होतास. पहिल्यांदा."

"मला कसं आठवणार?"

"तुला नाही आठवणार. तिने मला हाक मारून बोलावलं होतं, बघा म्हणून. मी येईपर्यंत तू बसलास."

मग दोघं बोलत राहिले. काय बोलले ते सगळं मला ऐकू आलं नाही, मी ऐकायचा प्रयत्नही केला नाही. आत्याबाईंनी खुणेने विचारलं, पाणी न्यायचं नाही का? मी घागर चुलीशी ठेवली आणि त्यांच्याजवळ बसून गहू निवडायला घेतले. ऊन वर आलं, यांच्या सुट्टीभर पुरेल एवढा गहू निवडून झाला असता इतका वेळ गेला, तरी परसातून कोणी पाणी मागितलं नाही. विहिरीवरून त्यांचं त्यांनीच काढून घेतलं असावं.